तबकड्यांचा आवाज

शस्त्र हाती घेणाऱ्याला आधी स्वतःच्या मनावर विजय मिळवावा लागतो, असं या विषयावर भाषण करणारे सगळे सांगतात. माझ्या धाकट्या भावाला आधी कमरेचा पट्टा विकत घ्यावा लागला, आणि त्या खरेदीला सोबत म्हणून मी कुडाळहून जेद्दाला गेले.

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली. आत कुळथाचं पीठ, आमसुलं, उकड्या तांदळाची पिशवी. अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, फिरायलाच चाललाय ना?" मी निवृत्त ग्रंथपाल. फिरायला जाणाऱ्या बाईची बॅग कशी असते याचा अनुभव मला नव्हता. "भावाकडे," म्हणाले. त्याने पीठ परत ठेवलं.

सुहास त्रेपन्न वर्षांचा आहे. गेली बत्तीस वर्षं तो सौदीत वेल्डर-फॅब्रिकेटर आहे, सध्या जेद्दाच्या उत्तरेला रबिघजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. यंदा त्याचा इकामा (राहण्याचा परवाना) पुढे वाढणार नव्हता. महिनाअखेर कायमचं परत. पण त्याआधी एक शनिवार त्याने राखून ठेवला होता. तिथल्या वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब आहे. त्यांना लागणाऱ्या लोखंडी तबकड्या सहा वर्षं सुहास कापून, जोडून, रंगवून देत होता. लोक येत, त्यांवर गोळ्या झाडत, तबकड्या टणकन वाजत आणि दुरुस्तीला परत सुहासकडे येत. स्वतः त्याने त्या वाजवल्या होत्या फक्त हातोडीने.

कॉलेजात असताना तो एनसीसीचा पहिल्या नंबरचा नेमबाज होता. दिल्लीच्या शिबिराचं पत्र आलं त्याच महिन्यात बाबा गेले आणि त्याच महिन्यात सौदीचा व्हिसा आला. शिबिराला नकार कळवणारं पत्र मी लिहिलं, कारण घरात माझं अक्षर चांगलं होतं. त्याने फक्त सही केली. पत्र चांगलं उतरलं होतं. एकही खाडाखोड नव्हती.

आता क्लबने, जायच्या आधी नवशिक्यांच्या गटात एकदा उतर, असं त्याला सांगितलं होतं. प्रकाराचं नाव मल्टीगन. एकाच स्पर्धेत रायफल, पिस्तूल आणि छऱ्याची बंदूक, तिन्ही चालवायच्या. एका जागेवरून दुसऱ्या जागी पळायचं आणि हे सगळं घड्याळ लावून. बंदुका क्लबच्या, त्या क्लबातच राहतात. बाकीचं साहित्य ज्याचं त्याने आणायचं.

जेद्दाला उतरले तेव्हा शुक्रवारची दुपार होती. सुहास बाहेर उभा होता. व्हिडिओ कॉलवर चेहराच दिसतो, त्यामुळे तो बाबांसारखा वाकून चालायला लागलाय हे मला ठाऊक नव्हतं. त्याने माझी बॅग उचलली आणि वजनावरून ओळखलं. "कुळीथ?" मी मान हलवली. पार्किंगपर्यंत ती त्याने खाली टेकवली नाही.

माझी सोय बलदमध्ये, म्हणजे जुन्या जेद्दात, एका छोट्या हॉटेलात होती. प्रवाळाच्या दगडाची उंच घरं, त्यांना नक्षीदार लाकडी सज्जे, आणि प्रत्येक सज्ज्याखाली स्वतःचा फोटो काढणारा एक माणूस. खाली एक म्हातारा मुतब्बक (अंडं आणि खिमा भरलेली पातळ चौकोनी पोळी) तव्यावर उलटत होता. त्याचा फोटो कोणी काढत नव्हतं आणि रांग मात्र त्याच्याचपुढे होती.

संध्याकाळी दुकानात गेलो. शिकारीच्या आणि छावणीच्या सामानाचं दुकान, काचेच्या दरवाजात पेंढा भरलेला एक ससाणा. विक्रेता शिबू केरळचा, हिंदी बोलणारा. त्याने सुहासला एकदा न्याहाळलं आणि महागातल्या कपाटापाशी नेलं. काळ्या चकचकीत धाग्याचं होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं कमरेचं म्यान), गुडघ्याची कवचं, हाताचे मोजे, छातीवर काडतुसांच्या ओळी लावायचं जाकीट. "सर, चॅम्पियन लोग यही लेते हैं."

"मैं चॅम्पियन के बाद वाला हूँ," सुहास म्हणाला आणि खिशातून चिठ्ठी काढली.

चिठ्ठी क्लबचे प्रशिक्षक फहद यांची होती. ओळी चारच. कान आणि डोळे आधी. मग पट्टा. पट्टा सरकता कामा नये. बाकी सगळं मागून आणावं आणि एक स्पर्धा झाल्यावर काय हवं ते स्वतःला विचारावं. शस्त्रविद्येवर इतका कमी शब्दांत लिहिलेला मजकूर ग्रंथालयातल्या माझ्या इतक्या वर्षांत माझ्या हाती आला नव्हता.

पट्ट्याला आम्हाला पाऊण तास लागला. दोन पट्टे असतात: आतला मऊ, पॅन्टच्या लूपांतून जाणारा, आणि त्यावर घट्ट चिकटणारा कडक बाहेरचा. सुहास ते पत्र्यासारखे वाकवून बघत होता, नखाने शिवण ओढून बघत होता. "या रिव्हेटला दम नाही," तो मला म्हणाला. तिसऱ्या पट्ट्यावर तो गप्प झाला, म्हणजे पसंत पडला.

कानांसाठी मात्र त्याने साधा इअरमफ घेतला नाही. बॅटरीवरचा घेतला. त्यातून बंदुकीचा धडाका दाबला जातो आणि बारीक आवाज मोठा होऊन ऐकू येतो. साध्याच्या सहापट किंमत. शिबूकडे तो एकच उरला होता.

"कान झाकायचेच तर साधा काय वाईट?" मी विचारलं.

"वर्कशॉपातले साधेच आहेत माझ्याकडे. त्यातून तबकडी ऐकू येत नाही." मग जरा वेळाने, "बंदूक कोणीही ऐकेल गं, ताई."

हॉटेलवर आल्यावर मी म्हटलं, घालून तरी बघ. त्याने खोका उलटसुलट केला, टेप सरळ केली आणि दुकानाच्या काळ्या पिशवीत, पट्ट्याशेजारी ठेवला. "पुढच्या शनिवारी उघडतो." दर सुट्टीत तो घरी नव्या वस्तू आणतो आणि त्यांवरचं प्लास्टिक घरीच निघतं. यात मला काही वेगळं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मधला आठवडा त्याची ड्यूटी होती. मी एकटी हिंडले. थुवालला समुद्राकाठी तळलेला नाजिल (इथला आवडता मासा) खाल्ला. मासा उत्तम होता. प्रत्येक घासाला मला बांगडा आठवत होता. तिथून पुढे जाऊन एक नव्याने वसवलेली इकॉनॉमिक सिटीही पाहिली. रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे, की एखाद्या मोठ्या माणसाच्या स्वागताला सगळे सजून थांबलेत आणि तो माणूस अजून जन्मायचा आहे, असं वाटत होतं. दिव्याच्या प्रत्येक खांबाला कोणीतरी वेल्डिंग केलेलं होतं. बहिणीची नजर, दुसरं काय.

पुढच्या शुक्रवारी सुहास मला कॅम्पवर घेऊन गेला. बायकांना आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. तिथे रफीक आला, सुहासचा बारा वर्षांपासूनचा खोलीसोबती, दापोलीचा पाइप फिटर. हात पुसत, खूश दिसत होता.

"ताई, तुमच्या भावाचं निम्मं ओझं उतरवलं मी. परवा कार्गोवाला आला होता, हा ओव्हरटाइमला. म्हटलं, हा बांधत बसला तर जहाज जाईल. सगळा खोका मीच भरला. दूध पावडर, ब्लँकेट, इस्त्री, अत्तरं. एक वस्तू राहिली नाही."

सुहासने चहाचा कप खाली ठेवला. "काळी पिशवी?"

"दुकानाची? ती तर सगळ्यात आधी. कोरी होती."

कॅम्पात नियम असा, की वापरलेली वस्तू इथली आणि न उघडलेली वस्तू घरची. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. रफीकच्या हातून चूक झालीच नव्हती. त्याने बत्तीस वर्षांचा सुहास बरोबर वाचला होता.

सुहासने कार्गोवाल्याला फोन लावला. पलीकडून एकच शब्द आला, "खलास" (संपलं). कंटेनर बंद होऊन बंदरात गेला होता. शिबूला लावला. तसा इअरमफ पंधरा दिवसांनी येणार होता, आणि स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती.

"मग जात नाही मी," सुहास म्हणाला.

रफीकने त्याच्याकडे पाहिलं. "गोळी कानाने मारतोस काय रे?" मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही सांगा याला. बारा वर्षं रोज झोपताना दिल्ली ऐकतोय मी. दिल्लीत काय थंडी, दिल्लीत काय मैदान. गेला नाही कधी, पण मला पाठ झालंय."

दिल्लीबद्दल सुहास मला कधीही बोलला नव्हता. मी म्हटलं, "सुहास, या वेळी मी पत्र लिहिणार नाही. जायचं नसेल तर तूच कळव."

त्याने चहा संपवला. रफीक आत गेला आणि स्वतःचा कामाचा पट्टा घेऊन आला. जाड चामड्याचा, पान्यांच्या कप्प्यांचा, तेलाने काळा झालेला. सुहासच्या कमरेला त्याने तो आवळला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. सुहास हलला, पट्टा हलला नाही.

शनिवारी पहाटे क्लबवर पोचलो. वाळूत गालिचे, गहवा (वेलची घातलेली फिकट कॉफी), धुपाचा दरवळ आणि डोक्यावर गुणगुणणारा ड्रोन. पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या एका गृहस्थांनी पूर्वजांचं शौर्य आणि एकाग्रता यांवर भाषण केलं. ते चालू असताना ड्रोन तंबूच्या दोरीत अडकला आणि सगळे एकाग्र होऊन तिकडे बघू लागले. शेजारच्या स्पर्धकाच्या जाकिटावर त्याचं नाव सोनेरी धाग्याने भरलेलं होतं. सुहासच्या डोळ्यांवर ग्राइंडिंगचा चष्मा, कानांवर वर्कशॉपचे पिवळे मफ, कमरेला पान्यांचा पट्टा.

फहद आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, पान्याच्या कप्प्यात पिस्तुलाचं मॅगझिन सरकवून पाहिलं, पट्ट्यावर क्लबचं होल्स्टर बसवलं. "कितने में लिया?"

"दोस्त का है."

"अच्छा दोस्त है," फहद म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. सोनेरी नावाच्या माणसाला ते म्हणाले की जाकीट काढ, खांदा वळत नाही.

छऱ्याच्या बंदुकीत सुहास हळू निघाला. काडतुसं एकेक भरत बसला, रेशनचे दाणे मोजावेत तशी. पिस्तुलात दोन नेम चुकले. शेवटी रायफल: आडवं पडून, लांबवर ओळीने ठेवलेल्या सात तबकड्या. त्याने आडवं पडण्याची जी पद्धत वापरली, डावा पाय सरळ, उजवा गुडघा किंचित वर, ती मी परसात शंभरदा पाहिली होती. तेव्हा त्याच्या हातात काठी असायची.

बझर वाजला. सुहास हलला नाही. दोन सेकंद, तीन, पाच. मफमुळे ऐकू आलं नाही, असं तो आजही सांगतो. मला माहीत आहे, तो हुकमाची वाट बघत होता. एनसीसीत तसंच शिकवतात. फहदनी वाकून त्याच्या खांद्याला हात लावला. "यल्ला (चल), सुहास."

मी दोरीमागे उभी होते. माझ्या कानात क्लबने दिलेली फोमची फुकटची बोंडं होती, आणि त्यांतून सगळं ऐकू येत होतं. धडाका, आणि मागोमाग टण्. परत धडाका. परत टण्. चौथी तबकडी बद्द वाजली, पण वाजली. सातवीनंतर वाळवंटात जी शांतता पडली तिच्यात मी माझी बोटं मोजत होते.

रायफल रिकामी करून, तपासून घेऊन, फहदनी सुटी दिल्यावरच तो उठला. मफ काढत माझ्याकडे आला. बत्तीस वर्षं कामाच्या जागी हिंदी बोललेला माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडून घरची मालवणी आली.

"ताई, वाजल्यो?"

"वाजल्यो. सगळ्यो."

"चौथी?"

"जरा बद्द."

त्याचा चेहरा उजळला. "ती माझी न्हय. ती त्यांनी भायरसून हाडलेली (आणलेली)."

नवशिक्यांच्या यादीत सुहास शेवटून चौथा आला. रफीकला फोनवर तसंच सांगितलं. त्याने विचारलं, पट्टा सरकला का.

मी तीन दिवसांनी परतले, सुहास दोन आठवड्यांनी. तो निघताना कॅम्पच्या फाटकावर रफीक आला होता, पण दोघांनी एकमेकांना काय सांगितलं ते सुहासने सांगितलं नाही. गावी आल्यावरचे पहिले काही दिवस तो सकाळी साडेचारला उठून बसायचा, कॅम्पची बस पकडायची असल्यासारखा. मग घरात कोणीच कुठे जात नाही हे आठवून पुन्हा आडवा व्हायचा. इतकी वर्षं आम्ही त्याची वाट पाहिली. आता तो ओट्यावर बसून कशाची तरी वाट पाहतो, आणि ते विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

खोका त्यानंतर महिन्याने पोचला. प्लास्टिक घरीच निघालं. कडक पट्टा त्याच्या बायकोने, वैशालीने, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला बांधला. वाऱ्याने उडायचं ते झाकण आता सरकत नाही.

परवा संध्याकाळी सुहास ओट्यावर तो इअरमफ घालून, डोळे मिटून बसला होता. चेहरा इतका निश्चल, की तो कुठे पोचलाय ते मला कळलं असं वाटलं. बराच वेळ थांबून मी त्याच्या गुडघ्याला हात लावला. "काय ऐकू येतं?"

त्याने बोट वर करून मला गप्प केलं, आणखी थोडं ऐकलं, मग डोळे उघडले.

"पलीकडच्या सामंतांचा कुकर," तो म्हणाला. "तिसरी शिट्टी झाली."