तळ्यावरची ऋषीची भाजी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही पनवेलला राहायला आलो आणि सासूबाईंपुढे पहिलं संकट उभं राहिलं ते ऋषिपंचमीचं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नेम. पुण्याला परसातच अळू, भेंडी, पडवळ व्हायचं. इथे आम्ही ब्लॉकमध्ये, आणि बाजारातल्या भाजीची हमी कोण देणार? लग्नापासून न मोडलेलं व्रत आता मोडणार, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींचा मळा आमच्या घरामागेच, खाडीच्या बाजूला होता. त्यांची भाजी एवढी तरारलेली कशी, हे कुतूहल मला कधीचंच होतं. सासूबाईंना घेऊन मी तिकडे गेले.

मळ्यात तळं होतं. पाणी हिरवंगार, वास तर विचारूच नका! पावसाने ओढ दिली होती, म्हणून मावशी तेच पाणी बादलीने वाफ्यांना घालत होत्या. वाफे कुदळीने खणलेले, बैल औषधालासुद्धा नाही. सासूबाईंचा चेहरा खुलला. तेवढ्यात पाण्यात काहीतरी सळसळलं.

"मासे आहेत?"

"रोहू हायत. त्यांची घाण पान्यात, पानी वाफ्यात. दुसरं खत लागतच नाय."

आता सासूबाई परत फिरणार, असं मला वाटलं. पण सासूबाई चक्क काठावर बसल्या. मासे काय खातात, रोज किती खातात, पाणी कधी बदलता? मासळीबाजारावरून जाताना नाकाला पदर लावणारी ही बाई!

"म्हणजे इथे कष्ट मासे करतात?" त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"कष्ट कसलं, बाय? खातात नि हगतात."

"मग चालेल," त्या हसून म्हणाल्या. "आणि पुढे काय होतं त्यांचं?"

"उन्हाल्यात तलं आटलं का धरतो."

वाटेत त्यांनी दोनदा मागे वळून तळ्याकडे पाहिलं. भाजी मात्र घेतली होती.

पंचमीला ती भाजी शिजली. पानं मांडली, गाईसाठीही एक वेगळं पान वाढलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"आज गाईला नको. तळ्यात सोडून ये."

मी सोडून परत आले, तर सासूबाई दिवसभराच्या उपाशी, वाढलेल्या पानासमोर तशाच बसलेल्या.

"खाल्लं त्यांनी?"

"सगळं."

मग त्यांनी पहिला घास घेतला.