धुतलेल्या कोळशातला लाल पट्टा

बॉयलरशेजारच्या आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज साठतात, कोळशाची धूळ आणि किस्से! धूळ निदान पुसता तरी येते.

महाड एमआयडीसीतल्या आमच्या फॅक्टरीत बॉयलरला धुतलेला, म्हणजे दगडमाती काढलेला कोळसा लागतो. हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "कोळसा धुवून कवा गोरा झालाय काय गो? आनि त्याचा तुला पगार देतात?"

"तपासायचा देतात, आई!"

"मंग बरा हाय."

*

पोलादपूरच्या सायली मॅडम प्रोबेशनवर आल्या. त्यांचं काम असं: ढिगावर चौकटी आखायच्या, थोडे नमुने तपासायचे आणि त्यांच्यावरून मधल्या कोळशात राख किती निघेल, याचा अंदाज कॉम्प्युटरवर बांधायचा. माती जास्त तिथे राख जास्त, आणि राख जास्त तिथे नकाशा लाल! मोठे साहेब म्हणाले, "पुढच्या ढिगाचा अंदाज चुकला, तर नकाशे बंद आणि तुमची नोकरीही!" मला असा राग आला साहेबांचा!

*

नमुने काढणारे तुडीलचे बबनदादा. मॅडमनी त्यांना पद्धत समजावली.

"म्हंजे आमच्या आळीसारखं! दोन्ही बाजूंना मटनाचा वास आला, की मधल्या घरात पन मटान!"

"अगदी बरोबर, दादा!"

"पन मधलं घर माळकरी बुवांचं हाय, मॅडम!"

*

एकदा सगळे नमुने ढिगाच्या एकाच बाजूचे निघाले.

"दादा, पलीकडचे कुठायत?"

"तिकडं ऊन हाय ना!"

मॅडम स्वतः छत्री धरून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पलीकडचे आले.

*

शेवटी परीक्षेचा ढीग आला. नकाशा बघते तर मधोमध सरळसोट लाल पट्टा.

साहेब हसले. "कोळशात असा पट्टा असतो का? चुकलं तुमचं गणित."

मॅडम म्हणाल्या, "उकरून बघू या, सर."

लोडर लावला. तळाच्या कोळशात कालवलेला तांबडा मुरूम निघाला! माझा जीव भांड्यात पडला.

"हा कोणी टाकला?" साहेब कडाडले.

बबनदादांनी डोकं खाजवलं. "यार्ड रिकामं व्हतं तवा क्रिकेटचं पिच केलं, साहेब. मंग त्याच्यावरच कोळसा पडला."

"आणि या टोकाला एवढा मुरूम?"

"तुमी तिकडनंच बॉलिंग टाकता ना! तुमच्या पायानं खड्डा पडायचा, आमी भरायचो."

साहेबांनी नकाशाची घडी घालून खिशात टाकली.

"सायली मॅडम, तुम्ही आजपासून कायम. फक्त हा नकाशा हेड ऑफिसला पाठवू नका!"