न उमटणारा पासवर्ड

धम्मदीप आमच्या दवाखान्यात लागला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. हिंगोलीतला तो दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा. वीस खाटा, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळंतिणींच्या. मी तिथली मोठी नर्स, मीराबाई. पण सगळे मला सिस्टरच म्हणत, धम्मदीपसुद्धा.

त्याचे वडील जळबा साखरा गावात दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. पोरगं मात्र परभणीला राहून कॉम्प्युटर शिकून आलं. २००५ साली संस्थेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला आणि धम्मदीपने त्यात लिनक्स घातलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, शिवाय कोणी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यात ठरवता येतं, असं त्याने संस्थेच्या सचिवांना समजावलं. सचिवांना ही दुसरी गोष्ट फार आवडली.

"मुख्य पासवर्ड तुझ्याजवळच राहू दे," ते म्हणाले. "नर्सा, आया, कुणाच्या हाती लागायला नको."

म्हणून त्या मशीनमध्ये दोन नावं होती. एक 'रूट', म्हणजे सगळ्याचा मालक; ते धम्मदीपचं. दुसरं 'सिस्टर', ते आमचं, कामापुरतं.

त्याच्यावर पहिलं काम पडलं रक्तदात्यांच्या यादीचं. अकरा वर्षं मी ती हाताने रजिस्टरात लिहीत आले होते: नाव, गाव, रक्तगट, फोन. धम्मदीपने महिनाभर बसून ती सगळी टाइप केली. मग यादी गटाप्रमाणे दाखवणारा एक प्रोग्राम बसवायला घेतला, आणि तिथे त्याचं डोकं उठलं. त्या प्रोग्रामला आधी दुसरं काहीतरी लागायचं, त्याला आणखी तिसरं. दवाखान्यात इंटरनेट नव्हतं. एसटी स्टँडजवळच्या कॅफेत जाऊन तो सीडीवर उतरवून आणायचा, लावायचा, पुन्हा जायचा. असं आठ दिवस चाललं. शेवटी सगळं जमलं, पण आमच्या नावाने बसवायला गेला की मशीन म्हणायचं, परवानगी नाही. वैतागून तो रूट होऊन आत शिरला, प्रोग्राम बसवला, यादीही तिथेच ठेवली. लगेच चाललं. त्याने बटण दाबलं की नावं गटाप्रमाणे ओळीने यायची. आम्ही सगळ्या बघत राहिलो. सचिवांनी त्याच दिवशी माझं रजिस्टर रद्दीत काढलं. मीही अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं, राणीचं लग्न होतं. धम्मदीप साखऱ्याला गेला.

त्या दिवशी अकराच्या सुमारास नीलम बाळंत झाली. तांड्यावरची, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली, आणि नीलमचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, यादी काढा, दात्यांना बोलवा."

मी कॉम्प्युटरसमोर बसले. यादीवर दाबलं. परवानगी नाही. पुन्हा दाबलं. परवानगी नाही.

साखऱ्यात मोबाइलला रेंज नव्हती. तिथल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने माणूस धाडून मांडवातून धम्मदीपला आणलं.

"सिस्टर, चूक माझी हाय," सगळं ऐकून तो म्हणाला. "रूटनं जावं लागंल. मी सांगतो तसं करा. काळा पडदा आला?"

"आला."

"नाव टाका. आता पासवर्ड सांगतो, लिहून घ्या."

मी टाइप करू लागले. "अरे, काईच उमटून न्हाई राहिलं! बटणं अडकली का काय?"

"उमटत न्हाई ते, सिस्टर. तसंच असतं. टाकत राहा."

पण तोवर मी तीच अक्षरं दोनदा दाबली होती. चूक, म्हणालं. पुन्हा चूक. मध्येच लाइन तुटली. पुन्हा फोन, पुन्हा दुकानदार. चौथ्या वेळी आत गेले. मग त्याने यादी आमच्या नावाला उघडी करणारी एक लांबलचक ओळ सांगितली, एकेक अक्षर, इथे तिरकी रेघ, इथे जागा सोडा. मी एक जागा सोडायची विसरले. पलीकडच्या खोलीतून आया हाका मारत होती. तिसऱ्यांदा ओळ टाकली.

"काईच म्हणलं न्हाई रे ते."

"काही म्हणलं न्हाई म्हणजे झालं. आता उघडा."

यादी उघडली. पन्नास मिनिटं गेली होती. ओ निगेटिव्हची चार नावं. दोघं गावाला गेलेले, एकाचा नंबर बदललेला. चौथे तातेराव मास्तर, ते लगेच निघाले. त्यांचं रक्त काढून तपासून होईपर्यंत नीलम गेली होती.

संध्याकाळी धम्मदीप आला तो लग्नातल्याच कपड्यांत. कॉम्प्युटरजवळ बसला. "तुमच्या नावानं एकदा उघडून बघायला पाहिजे होतं," म्हणाला. "दोन मिनिटांचं काम होतं, सिस्टर."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर रक्त मिळालं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही.

"सांगता येत न्हाई, हे खरं," धम्मदीप म्हणाला. "पण मी त्यानं सुटत न्हाई."

सचिवांनी अहवाल लिहिला: लाइट नसल्यामुळे कॉम्प्युटर बंद होता. लाइट होती. धम्मदीपने त्यावर सही केली नाही. घडलं तसं वेगळ्या कागदावर लिहून दिलं. मी सचिवांच्या कागदावर सही केली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. महिन्याभरात धम्मदीपला काढून टाकलं.

त्यानंतर तो तांड्यावर निघाला. मी सोबत गेले. नीलमची सासू भिकाबाई ओसरीत बाळाला बाटलीने दूध पाजत होती. नवरा देविदास भिंतीला टेकून उभा. धम्मदीपने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न झाकता.

"मंग ते कुलूप तू लावलं व्हतंस?" भिकाबाईने विचारलं.

"व्हय मावशी. मुद्दाम न्हाई. पण लावून गेलो, अन् दुसऱ्याला उघडतं का ते पाहिलं न्हाई."

म्हातारीने बाटली बाजूला ठेवली. देविदास म्हणाला, "दवाखान्यानं सांगितलं व्हतं लाइट नव्हती. तेच ऐकून बसलो व्हतो आमी. तू काहून आलास?"

त्याने म्हातारीच्या हातून बाळ घेतलं. मग म्हणाला, "जा भाऊ आता." आम्ही निघालो. माझ्या सहीचं मला तिथे सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.

पुढे तो शाळांमधून कॉम्प्युटर बसवायची कामं करू लागला. एकदा हट्टा गावच्या शाळेत मी त्याला पाहिलं. मुख्याध्यापक घाई करत होते, चालतंय ना, मग झालं. धम्मदीपने शाळेतल्या शिपाईणीला, चांगुणाला, खुर्चीत बसवलं. तिच्या नावाने प्रत्येक गोष्ट तिच्याकडूनच उघडून घेतली. चांगुणा घाबरून म्हणत होती, मला न्हाई येत. तो म्हणाला, सावकाश करा, मी थांबतो. लोक म्हणायचे, हा माणूस फार वेळ लावतो. त्याची कामं त्यामुळे कमी होत गेली.

देविदास त्याला मोंढ्याच्या बाजारात दोनदा दिसला, हळद विकायला यायच्या दिवसांत. दुसऱ्या खेपेला तीन-चार वर्षांची मुलगी त्याच्या खांद्यावर होती. धम्मदीप थांबला. देविदासने त्याला ओळखलं, मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पोत्यांच्या पलीकडून निघून गेला. हे मला धम्मदीपनेच सांगितलं, आणि वर म्हणाला, "बराबर केलं त्यानं."