पडलेल्या उमेदवाराचं छप्पर

आमच्या शेजारच्या उबाल्दिनाबाईंनी जन्मात विकत घेतलं असेल ते मीठ, काडेपेटी आणि नवऱ्याची शवपेटी. बाकी सगळं फुकट. मासळीबाजारातून टाकून दिलेली डोकी आणायच्या आणि सार करायच्या. कॉफी करवंटीतून. बसायला न्हाव्यानं उकिरड्यावर फेकलेली खुर्ची. पाहुणा आला की त्याला हौसेनं एक गिरकी मारून द्यायच्या.

पण बाईंचा खरा हंगाम निवडणुकीचा. आमच्या सिएनागा गावात मतमोजणी झाली की दुसऱ्या दिवशी त्या शिडी आणि विळा घेऊन निघत. फ्लेक्स उतरवायचे, समुद्रावर नेऊन घासायचे, घरी आणून शिवायचे.

"जिंकलेला आपले फ्लेक्स आभार मानायला ठेवतो," त्या म्हणत. "पडलेला तिकडे फिरकतसुद्धा नाही. म्हणून मी पडलेल्यांचेच घेते."

त्या वर्षी महापौरपदाला औषधाच्या दुकानाचा मालक एवेलिओ मान्हारेस उभा राहिला आणि सपाटून आपटला. सख्ख्या सासूनंही त्याला मत दिलं नव्हतं म्हणे. त्याचा सगळ्यात मोठा फ्लेक्स बाईंच्या छपरावर चढला.

एक दिवस पुलावरून जाताना एवेलिओला कुणाच्या तरी घरावर आपलंच हसरं तोंड दिसलं. त्याला भरून आलं. केक आणि एक ॲकॉर्डियनवाला घेऊन स्वारी थेट आमच्या गल्लीत. केक दिसल्यावर मीही बाईंकडे आत शिरले.

"मावशी!" त्यानं बाईंचे दोन्ही हात धरले. "अख्ख्या गावानं पाठ फिरवली, पण तुम्ही मला डोक्यावर घेतलंत!"

"घेतलं खरं," बाई म्हणाल्या, "पण बाळा, तू गळतोस."

एवेलिओनं वर पाहिलं. उन्हात त्याचा चेहरा आतूनही पुसट दिसत होता, आणि डाव्या नाकपुडीतून कालच्या पावसाचं पाणी पातेल्यात टपकत होतं. मग त्याला न्हाणीचा पडदा दिसला. त्यावर त्याच्यासारखीच पडलेली उमेदवार ग्लेनिस हात जोडून उभी.

"हीसुद्धा?"

"ती न्हाणीत आहे रे. तुला छपराचा मान दिलाय."

तो मटकन न्हाव्याच्या खुर्चीत बसला. खुर्चीच्या पाठीला बाईंनी शिवलेलं होतं: 'एवेलिओ सदैव तुमच्या पाठीशी'. ॲकॉर्डियनवाल्याला काय वाजवावं सुचेना, त्यानं वाढदिवसाचं गाणं लावलं.

"म्हणजे तुम्ही मला मत दिलंच नाही?"

"दिलं असतं आणि तू आला असतास निवडून, मग छपराला काय घालायचं होतं मी?"

 एवेलिओ असा हसत सुटला की खुर्चीसकट गरगरला.

"गोदामात अजून ढीग पडलाय," तो डोळे पुसत म्हणाला. "बायको रोज बोलते."

दुसऱ्या दिवशी ढकलगाडीवर सगळा ढीग आणून, स्वतः वर चढून त्यानं आपल्या नाकपुडीला ठिगळ लावलं. उरलेले फ्लेक्स गल्लीत वाटले. आता पाऊस आला की बायका ओरडतात, "अगं, कपडे एवेलिओखाली घे!"

पुढच्या खेपेला तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पडला. पण आमच्या गल्लीनं त्याला भरभरून मतं दिली. बाईंनी दिलं का, कुणाला ठाऊक. विचारलं की म्हणतात, "स्वयंपाकघराला आडोसा हवाय गं."