वैशाखऱ्यातली बिनतोंडाची नवरी

चित्र वाचता येणारा माणूस आमच्या घराण्यात एकच आहे, आणि त्याला सोयरिकीच्या बैठकीला न्यायचं नाही असा ठराव आमच्या घरात एकमताने पास झालेला आहे. तो माणूस म्हणजे मी.

ही विद्या मला उशिरा प्राप्त झाली. मी शहापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. चित्रकलेचे सर रजेवर होते, म्हणून मुख्याध्यापकांनी ‘चित्र कसे पाहावे’ या मुंबईच्या शिबिराला मला पिटाळलं. (जेवण उत्तम होतं.) तिथल्या बाई म्हणाल्या, चित्र नुसतं बघायचं नसतं. ते कुणी काढलं, कधी काढलं, कुणासाठी काढलं, तेव्हा त्या समाजात काय चाललं होतं, हे शोधायचं. आणि मुख्य म्हणजे, चित्रात जे नाही ते आधी बघायचं! झालं. घरी आल्यावर मी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीपासून सुरुवात केली. ती आपल्याकडे बघत नसून पलीकडे कुणाकडे तरी बघते आहे, हे मी बायकोला समजावून सांगितलं. “ती बघूदे कुठं पन,” बायको म्हणाली, “तुमी दुधाकडं बघा, उतू जातंय.”

इथवर ठीक होतं. पण त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं, जमत आलं. मुलगा वैशाखऱ्याचा निलेश, मुरबाडला कंपनीत कामाला. याआधी आलेल्या स्थळांना प्रणालीने काही ना काही खोट काढून वाटेला लावलं होतं. निलेश बघून गेला तेव्हा मात्र ती पोह्यांत मीठ घालायचं विसरली आणि त्याने दोन बश्या खाल्ल्या. आता आमच्या बाजूने मुलाचं घर बघायला जायचं तेवढं राहिलं होतं. निघताना प्रणाली गाडीच्या खिडकीशी आली नि हळूच म्हणाली, “दादा, जमवून ये रे.” माझी एकुलती एक बहीण. तिच्या त्या आवाजाने मला गलबलून आलं.

आई, मामा आणि मी सरळगावावरून वैशाखऱ्याला पोचलो. घर नीटनेटकं होतं. आम्हाला पडवीत खुर्च्या टाकून बसवलं. समोरच घराची रंगवलेली भिंत.

आमच्या भागात लग्नघराची पुढची भिंत रंगवून घेतात. दारावर गणपती, एका अंगाला नवरा, एका अंगाला नवरी, खाली नावं आणि तारीख. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती भिंत कुणी पुसत नाही. या भिंतीवरही सगळं रीतसर होतं. नवरा फेटा बांधून झकास उभा. नवरीचा शालू हिरवा, हातात हार, आणि तोंड... तोंडच नव्हतं! मानेच्या वरती थेट सिमेंट दिसेपर्यंत खरवडलेलं. खालच्या नावांपुढे भाताच्या गोण्यांची थप्पी लावलेली.

चित्रात जे नाही ते आधी बघायचं! माझ्या अंगावर काटा आला.

“मामा,” मी कुजबुजलो, “ही भिंत बोलतेय.”

“काय म्हंते?”

“पूर्वी राजे काय करायचे? जो नावडता झाला, त्याच्या मूर्तीचं तोंड फोडायचे. इतिहास आहे. ह्या घरात एक सून येऊन गेलीय. तिला घालवली, आणि मग तिचं तोंड भिंतीवरनंही काढलं.”

मामांनी आतल्या बाजूला पाहिलं. निलेशच्या थोरल्या भावाची बायको, रेश्मा, पोह्यांवर खोबरं पेरत होती. “मंग ही कोन?”

“दुसरी,” मी म्हणालो. किती शांतपणे म्हणालो!

मामा भिंतीकडे टक लावून बघत राहिले, आणि एकदम माझा दंड धरला. “अरं पन भाच्या, ह्यो नवरा थोरला भाव कसा? ह्याच्या गालावर तीळ बघ. ह्यो तर आपला निलेश!”

मी पाहिलं. भिंतीवर फेटा, खाली मिशी, डाव्या गालावर तीळ. भिंतीखालच्या स्टुलावर फेटा नाही, बाकी तीच मिशी आणि तोच तीळ. आमचा होणारा जावई आमच्याकडे बघून गोड हसला.

“बिजवर!” मामांच्या तोंडून निघालं. आणि मामांची कुजबूज म्हणजे आमच्या गावात दवंडी. पलीकडच्या खुर्चीतल्या आईने ती ऐकली.

एवढ्यात चहा आला. आता आमच्यात एक रीत आहे. सोयरीक नाकारायची तर कुणी तोंडाने नाही म्हणत नाही, चहा तसाच ठेवतात. आईने कप घेतला, मोरीत ओतायचा असावा तसं त्याच्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. मामांनी ठेवला. मीही ठेवला. (मला चहाची फार तलफ आली होती, पण घराण्याचा प्रश्न होता!) चहावर साय धरायला लागली. निलेशचं हसू गळालं. त्याच्या आईने पदर सावरून आमच्या कपांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

माझ्या खिशात मोबाईल थरथरला. प्रणालीचा मेसेज होता. ‘दादा, चहा घेतला का?’

बिचारी घरी देवासमोर बसली असेल, आणि मी इथे तिचं नशीब भिंतीवर वाचत बसलोय.

“ताई,” निलेशची आई कापऱ्या आवाजात आईला म्हणाली, “आमचा काय चुकला असंल तर सांगा. पन असा चा ठेवू नका.”

मामांनी मला कोपरखळी मारली. शेवटी घरातला शिकलेला माणूस म्हणून मीच उभा राहिलो, भिंतीकडे हात केला आणि वर्गात विचारतो त्या आवाजात विचारलं, “ह्या बाईचं पुढं काय झालं?”

“कुनाचा?”

“जिचं तोंड तुम्ही खरवडून काढलंत, तिचं!”

दारातली एक कोंबडी दाणे टिपायची थांबली. मग रेश्मा ट्रे घेऊन पुढे आली.

“ती? ती मीच की!”

“तुम्ही?”

“हां. आन तोंड पन मीच काढलाय. उलथन्यानं.” ती भिंतीजवळ गेली. “त्या पेंटरनं मला कदी बघितलीच नव्हती. लग्नाआधी आला, चार दिस हितंच जेवला. समोर बाईमानूस कोन? तर आमच्या सासूबाई. काढला त्यांचाच तोंड! वरात दारात आली, मी मान वर केली, तर भिंतीवर माज्या नावाच्या वर सासूबाई हार घेऊन उभ्या!”

“तवा काय रडली!” निलेशची आई म्हणाली. “मीच म्हनले, गो, रडू नको, काढून टाक. पन माजा नाक काय एवढा वंगाळ हाय काय?”

“तुमच्या तोंडावर चांगला दिसतो, आई.”

“आणि नवरा?” मी क्षीण आवाजात विचारलं. “नवऱ्याला तर निलेशचा तीळ आहे.”

“दादाला तवा रजा नव्हती,” निलेश लाजत म्हणाला. “तो कल्यानला ड्युटीवर. पेंटर म्हनला, घरात हाय त्याला उभा करा. मीच र्‍हायलो फेटा बांधून.” त्याने एक गोणी बाजूला ओढली. खाली ठसठशीत अक्षरांत थोरल्या भावाचं आणि रेश्माचं नाव.

म्हणजे शिबिरातल्या बाईंचं अक्षर न् अक्षर खरं होतं. कुणी काढलं, कुणाला समोर ठेवून काढलं, घरात तेव्हा काय चाललं होतं, सगळं त्या भिंतीत होतं. फक्त ते वाचायला मला सोडून दुसरं कुणीही चाललं असतं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई मात्र आधी निलेशच्या आईच्या नाकाकडे बघत राहिली, मग तिला हसू फुटलं ते थांबेचना. तिने तो गार, साय धरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप पुढे केला. “आनखी हाय का गो?” मामांनी तर बशीत ओतून प्यायला. मी खाली मान घालून प्रणालीला लिहिलं, ‘घेतला. आईने दोनदा.’

लग्न थाटात झालं. वैशाखऱ्याची भिंत नव्याने रंगली, आणि या वेळी प्रणालीचा फोटो पेंटरच्या हातात रेश्माने स्वतः नेऊन दिला. नवरीच्या मागे पाठराखणीला तिचा भाऊही काढायला सांगितला, तो मी. हात जोडलेले, मान खाली, तोंड बंद, चेहऱ्यावर काय ती नम्रता! मी हरखून बायकोला म्हणालो, “आता हे चित्र तू वाचून दाखव.”

तिने क्षणभर पाहिलं. “सोपाय,” ती म्हणाली. “पेंटरनं तुमाला कदी बघितलेलं नाय.”