तार असन त काढा

आज सकाळी मी मेलो असतो.

आणि आजच मेश्राम मॅडमना जाऊन वर्ष झालं.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. ओढ्या-नाल्यांतल्या माशांचा डीएनए हा आमचा विषय.
आंबागडाच्या पायथ्याच्या नाल्यात दगडाखाली लपणारा बोटाएवढा पट्टेरी मासा आहे. डोंगरापलीकडच्या नाल्यातही अगदी तसाच मासा सापडतो. दोघांची जात एकच की वेगळी, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

मासा पकडायचा, शेपटीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापून कुपीत ठेवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं.

पण त्याआधी मॅडम काठावर उभ्या राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायच्या,
"उतरून राहिलो जी आमी. तार असन त काढा."

आमच्याकडे काही लोक विजेच्या लाइनवर आकडा टाकून तार पाण्यात सोडतात. मासे मरून आपोआप वर येतात. लहानपणी मोहाडीला मॅडमच्या डोळ्यांदेखत एक म्हैस अशीच पाण्यात उतरली आणि जागीच आडवी झाली होती.

त्यांच्या हाकेला इतक्या वर्षांत कधी उत्तर आलं नाही. मी चिडवायचो, मॅडम, तुमच्या आवाजानेच मासे पळतात.

"मासा उद्या भेटन. तू गेला त तुया मायले मी काय सांगू?"

मॅडमना पाण्याने नाही, कॅन्सरने नेलं.

तेव्हापासून मी नाल्यावर गेलोच नाही. खरं सांगतो, एकट्याने जायला माझी टरकते. पण यंदा नाल्यातला डोह लवकर आटत चाललाय, आणि इथलं सॅम्पल राहिलं तर आम्हा दोघांचं काम अर्धवटच राहणार.
म्हणून आज गेलो.

चिटपाखरू नव्हतं. एकट्यानेच ओरडायची लाज वाटली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय उचलला आणि ती म्हैस आठवली.
पाय मागे घेतला. मॅडमचेच शब्द ओरडलो.



मग वळणापलीकडून एक माणूस किंचाळला,
"थांबा जी, पाय नोका टाकू."

वाळक्या बांबूने आकडा काढून तो धावत आला.
"तुमी बोलले नसते त..."
एवढंच म्हणून मटकन खाली बसला. मीही बसलो.

वळणावर चार-पाच मासे उलटे तरंगत होते. त्यात एक पट्टेरी.
त्याच्या शेपटीचा तुकडा घेतला. काम झालं म्हणायचं.
परत सोडायला मात्र जिवंत काही नव्हतं.

घरी आलोय. आल्या आल्या हे टाइप करतोय. आतून माय जेवायला हाक मारतेय. तिला मी यातलं काहीच बोललो नाहीये.

मॅडम, आज माझ्या मायला काही सांगायची वेळ कुणावर आली नाही.

जय भीम, मॅडम.