तीन मशिनं आणि आबांची नाडी

माझ्या वडिलांचं हृदय तीन महिने बिघडलेलं होतं, आणि ते तीन महिने मी मशीन बदलत होतो.

आबा तीर्थपुरीचे निवृत्त पोस्टमन. छातीत फडफड होते म्हणाले, म्हणून मी बीपीचं मशीन आणलं. बीपीची गोळी जुनीच चालू होती, त्यामुळे आकडे बरोबर यायचे, पण शेजारी पत्त्यातल्यासारखा एक बदाम लुकलुकायचा.

"हे काय हाय रे?" आबांनी विचारलं.

"सेल उतरलेत," मी ठणकावून सांगितलं.

नवे सेल घातले. बदाम हजर! दुकानदाराशी भांडून मशीन बदलून आणलं. त्यातही बदाम! मग तिसरं, दुसऱ्याच कंपनीचं. पुन्हा बदाम!

"बाजारात सगळा माल डुप्लिकेट येऊन राह्यला," मी जाहीर केलं. (माझ्या दंडावर मात्र एकाही मशीनला बदाम दिसत नव्हता. त्याचाही अर्थ मी लावला : आबा हात हलवतात!)

"आबा, हात बराबर ठेवा ना!"

"आरं, दगडासारखा ठेवलाय की!"

शेवटी माझ्या बायकोनं, सुनीतानं, आबांचं मनगट धरलं. "अव्हो, दोन ठोके पळून राह्यले, मधीच एक थांबतो. दवाखान्यात न्या यांना."

"रविवारी बघू," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळीच आबांच्या हातातून बशी सुटली. दारात आलेल्या शेजाऱ्याला 'जयभीम' म्हणायला गेले, तर शब्द तोंडातच विरघळला. (मला वाटलं, तोंडात चहा आहे!) मग उजवा हात उचलेना, तेव्हा मी गाडी बोलावली.

जालन्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. म्हणाले, "वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं रेंगाळतं, गुठळी होते. तीच मेंदूत गेली. वय, जुना बीपी, अशानं होतं हे. पण मशीनवर खूण दिसली नाही का?"

"दिसली," मी म्हणालो. "तिन्ही मशिनांवर."

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आबा वाचले, पण उजवा हात लुळाच राहिला. आई घास भरवते. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शेती," मी घाईनं म्हणालो.

"काहीतरीच!" सुनीता म्हणाली. "डॉक्टर, हे शाळेत विज्ञान शिकवतात. हृदयाचा धडा तर यांना तोंडपाठ हाय!"